विहिरीत घातलेले पाणी : मुंबई हायचा एक प्रशासकीय धडा

बंगळूरपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत शंभराहून अधिक वर्षे एक काम अखंड चालू होते, ते म्हणजे पाणी उपसण्याचे. शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारला पोहोचली, ती या खाणींचीच गरज भागवण्यासाठी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि बोगदे हळूहळू पाण्याने भरू लागले. खाण म्हटली की पाणी हा शत्रू, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते ते अशा उदाहरणांमुळे.

तेलाच्या बाबतीत हे समीकरण उलटे होते. तेलाची विहीर जिवंत ठेवायची तर तिच्यात किंवा तिच्या शेजारच्या विहिरीत बाहेरून द्रव घालावा लागतो. कधी तो विहिरीचा दाब आवरणारा जड चिखल असतो, कधी खडक विरघळवणारे आम्ल, कधी फटी बुजवणारे सिमेंट, तर कधी साधे समुद्राचे पाणी. हे द्रव तयार करणे, शुद्ध करणे आणि ठरलेल्या दाबाने खाली सोडणे हे तेलउद्योगातील सर्वांत अप्रसिद्ध काम आहे. पहिले तेल लागले की मंत्रिमहोदय विहिरीपाशी जातात, छायाचित्रे निघतात. पाणी भरण्याच्या पंपाचे उद्घाटन कोणाच्या स्मरणात राहत नाही. आपल्या देशाला या विस्मरणाची किंमत एकदा मोजावी लागली आहे. तो इतिहास मुंबईच्या समुद्रात घडला.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ ची. खंबातच्या आखाताचे भूकंपलहरींच्या साहाय्याने सर्वेक्षण साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झाले आणि मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे त्यातून दिसले. जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही रिग तेथे नेण्यात आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. किनाऱ्यापासून अंतर सुमारे १६० किलोमीटर, पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत जेमतेम सव्वादोन वर्षे, हा वेग त्या काळच्या कोणत्याही सरकारी उपक्रमाला भूषणावह होता. त्यामागे निकडही तशीच होती. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली होती.

मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडीच्या थरांत आहे. या तेलात वायू विरघळलेला असतो आणि वर वायूचे आवरणही असते. तेल काढू लागले की थरातील दाब उतरतो. दाब एका मर्यादेखाली गेला की विरघळलेला वायू सुटा होतो, सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावा तसा. हा सुटा वायू खडकातून तेलापेक्षा किती तरी सहज वाहतो. विहिरीतून तेल कमी आणि वायू जास्त येऊ लागतो, मागे उरलेले तेल अधिक दाट होते आणि खडकाच्या छिद्रांत अडकून पडते. अशा रीतीने अडकलेले तेल पुढे कितीही खर्च केला तरी पूर्णपणे हाती येत नाही.

यावर उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. जेवढे आकारमान जमिनीखालून काढले तेवढेच पाण्याच्या रूपाने परत भरायचे. मात्र समुद्राचे पाणी उचलून तसेच विहिरीत सोडता येत नाही. त्यातील गाळ आणि सूक्ष्म जीव खडकाची छिद्रे बुजवतात, म्हणून ते क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या गाळण्यांतून काढावे लागते. त्यातील प्राणवायू पोलादी नळ खातो. समुद्राच्या पाण्यात दशलक्ष भागांत सहा-सात भाग असणारा हा प्राणवायू आधी निर्वात मनोऱ्यात आणि मग रसायन घालून अब्जांशांच्या मापापर्यंत खाली आणावा लागतो. जंतुनाशकाची मात्राही चुकवून चालत नाही. सल्फेटवर जगणारे जंतू खाली पोहोचले तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो आणि गोडे तेल आंबट होऊ लागते. थरातील मूळ पाण्याशी सल्फेटची गाठ पडली की नळांत टणक कीटण धरते, त्यासाठी आणखी एक रसायन लागते. एवढे सगळे झाल्यावर उच्च दाबाचे पंप ते पाणी खाली ढकलतात. समुद्राच्या मध्यावर हा कारखाना चालवणे किती खर्चाचे असेल, याची कल्पना वाचकांना येईल.

मुंबई हायमध्ये पाणी भरण्यास १९८४ मध्ये प्रारंभ झाला, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी. त्या आठ वर्षांत उत्पादन वेगाने वाढत गेले होते. देशाचे एकूण खनिज तेल उत्पादन १९८०-८१ मध्ये सुमारे १ कोटी ५ लाख टन होते, ते १९८४-८५ मध्ये सुमारे २ कोटी ९० लाख टनांवर गेले. त्यातील सिंहाचा वाटा मुंबईच्या समुद्राचा होता. देशाच्या गरजेचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग स्वदेशी तेलातून भागू लागला. सातव्या योजनेच्या काळात स्वावलंबनाचे स्वप्न डोळ्यांपुढे असताना विहिरींचा वेग कमी करा, आधी पाण्याची सोय होऊ द्या, असे म्हणणारा अभियंता कोणाला आवडणार होता?

१९८९-९० मध्ये देशाचे उत्पादन ३ कोटी ४१ लाख टनांच्या शिखरावर पोहोचले. त्यानंतर घसरण सुरू झाली. १९९०-९१ मध्ये ३ कोटी ३० लाख, पुढच्या वर्षी ३ कोटी ३ लाख आणि १९९२-९३ मध्ये सुमारे २ कोटी ७० लाख टन. तीन वर्षांत एकपंचमांशाहून अधिक घट. आसाममधील अडचणींचाही तिच्यात वाटा होता, पण मोठा भाग मुंबई हायचा होता. दाब उतरलेला, वायूचे प्रमाण वाढलेले आणि अनेक विहिरी दुरुस्तीसाठी बंद, अशी तेथील स्थिती होती. साठ्यावर अतिरिक्त ताण दिला गेला, अशी टीका त्या काळात उघडपणे झाली.

घसरणीची वेळही नेमकी दुर्दैवी होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि तेलाचे दर भडकले. १९९१ च्या मध्यापर्यंत आपली परकीय गंगाजळी आटली आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारणासाठी परदेशी पाठवावे लागले. त्या संकटाला राजकोषीय तुटीपासून अल्पमुदतीच्या कर्जापर्यंत अनेक कारणे होती. सगळा दोष तेलाच्या विहिरींवर टाकणे अन्यायाचे होईल. तरी एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तीन वर्षांत घटलेले सत्तर लाख टन म्हणजे सुमारे पाच कोटी पिंपे. पिंपामागे अठरा डॉलर धरले तर वर्षाला सुमारे नव्वद कोटी डॉलरची जादा आयात. त्या वेळी देशाची संपूर्ण वार्षिक निर्यात अठरा अब्ज डॉलरच्या आसपास होती. म्हणजे निर्यातीतून मिळणाऱ्या दर वीस डॉलरांतील एक डॉलर ही तूट भरण्यात गेला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे हॅरॉल्ड हॉटेलिंगचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संपणाऱ्या संपत्तीवरील त्याचा प्रसिद्ध निबंध १९३१ चा. आज एक टन काढावा की उद्यासाठी ठेवावा, हा प्रश्न त्याने व्याजदराच्या भाषेत सोडवला. पैशाची निकड मोठी असेल तर आज काढणे शहाणपणाचे, असा त्यातून निष्कर्ष निघतो आणि ऐंशीच्या दशकातील निर्णयांचे समर्थनही करता येते. पण हॉटेलिंगच्या मूळ मांडणीत साठा ठरलेला आहे. कोठारात धान्याची शंभर पोती असतील तर आज नेली काय, उद्या नेली काय, पोती शंभरच राहणार. तेलाचा साठा तसा नसतो. तो किती वेगाने आणि किती पाणी भरून काढला यावर हाती येणाऱ्या पोत्यांची संख्याच ठरते. घाईने काढले तर उद्याची पोती आजच वापरली जातात, हे खरे. पण काही पोती कोणाच्याच उपयोगी न पडता कायमची जमिनीत गाडली जातात, हे अधिक खरे. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, कारण जे तेल निघालेच नाही त्याची नोंद कोण करणार?

हा दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता, तो रचनेचा होता. तेल काढणारी संस्था, उत्पादनाचे लक्ष्य ठरवणारी व्यवस्था आणि साठ्याच्या प्रकृतीवर मत देणारे तज्ज्ञ हे सगळे एकाच छत्राखाली होते. 'माझ्याकडून जास्त काढले जात आहे' असे स्वतःविरुद्ध लिहिण्याची अपेक्षा कोणत्याही संस्थेकडून करता येत नाही. हे उमगल्यावर १९९३ मध्ये हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झाले आणि साठ्यांच्या व्यवस्थापनावर देखरेख ठेवणे हे त्याचे एक प्रमुख काम ठरले. त्याच सुमारास आयोगाचे रूपांतर कंपनीत झाले. सन २००० नंतर मुंबई हायच्या उत्तर व दक्षिण भागांच्या पुनर्विकासाच्या योजना हाती घेतल्या गेल्या, नव्या विहिरी खोदल्या गेल्या आणि घसरण बऱ्याच अंशी आवरली. २०२५ च्या जानेवारीत याच क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा घेण्याचा निर्णय जाहीर झाला. पन्नाशी ओलांडलेल्या क्षेत्रात अजूनही काढण्याजोगे बरेच तेल आहे, हाच त्याचा अर्थ.

सुरक्षिततेच्या बाबतीतही असाच धडा अपघातातून मिळाला. जुलै १९८२ मध्ये मुंबई हायवर 'सागर विकास' रिगवरील विहीर अनावर होऊन पेटली. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ मध्ये स्थापन झाले आणि समुद्रातील कामांसाठी सुरक्षा नियम २००८ मध्ये आले. ठिणगी आणि नियम यांच्यात एवढी वर्षे जावीत, हे आपल्या प्रशासनाचे जुने दुखणे आहे.

नियम आले म्हणून धोका संपत नाही, हे आसाममधील बाघजानने दाखवले. तिनसुकिया जिल्ह्यातील पाच क्रमांकाच्या विहिरीवर नवे खोदकाम चाललेले नव्हते, जुन्या विहिरीची दुरुस्ती चालू होती. अशा दुरुस्तीत विहिरीतला जड द्रवस्तंभ आणि सिमेंटचा बूच हेच खालच्या वायूला अडवून धरतात. तो अडसर पुरता सिद्ध झाल्याखेरीज वरची झडपयंत्रणा हलवायची नसते. २७ मे २०२० रोजी वायू उसळला, ९ जूनला आग लागली. दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, हजारो ग्रामस्थांना छावण्यांत जावे लागले, शेजारच्या मागुरी-मोटापुंग बीलचे अपरिमित नुकसान झाले. परदेशी तज्ज्ञांच्या साह्याने जड द्रव दाबाने आत घालून ती विहीर १५ नोव्हेंबरला, म्हणजे १७२ दिवसांनी शांत करण्यात आली. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने नियोजनातील व देखरेखीतील त्रुटींवर बोट ठेवले. रिग कंत्राटदाराची होती, देखरेख मालक कंपनीची असायची होती. काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व आपण प्रत्येक प्रशिक्षणवर्गात शिकवतो. विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

मुंबई हाय आणि बाघजान ही प्रकरणे वरकरणी वेगळी असली तरी त्यांचे मूळ एकच आहे. जे काम डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याने आजचा आकडा वाढत नाही, ते पुढे ढकलले जाते. धरणाच्या गाळाचे तेच, रेल्वेरुळांच्या देखभालीचे तेच, महापालिकेच्या गटारांचेही तेच. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की देखभालीचे शीर्ष सर्वांत आधी सापडते, कारण कापलेली देखभाल त्या वर्षी तक्रार करीत नाही. ती आठ-दहा वर्षांनी तक्रार करते आणि तोवर निर्णय घेणारा अधिकारी दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

यावर मोठ्या समित्यांपेक्षा एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. तेल उत्पादनाच्या मासिक विवरणपत्रात उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष उत्पादन हे दोन रकाने ठळकपणे असतात व सर्वांची नजर तेथेच जाते. त्यांच्या शेजारी, त्याच टंकात, प्रत्येक मोठ्या क्षेत्रासाठी तिसरा रकाना असावा : जेवढे काढले त्याच्या तुलनेत किती भरले. आकडे कंपन्यांकडे असतातच, ते त्या पानावर आणायचे एवढेच. सचिवांपासून संसद सदस्यांपर्यंत सर्वांना दरमहा दोन्ही बाजू एकत्र दिसू लागल्या, तर वेग कमी करा असे म्हणणाऱ्या अभियंत्याला निदान बोलण्यासाठी आधार तरी मिळेल.