विषाचें माप आणि वऱ्हाडचें शेत

विष आणि औषध यांतील भेद मात्रेचा, हें वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक होतें. तथापि ती मात्रा आंकड्यांत मांडण्याची रीत १९२७ सालीं इंग्लंडांत ट्रेव्हन यांनीं घालून दिली. ज्या मात्रेनें प्रयोगांतील निम्मे प्राणी मरतात, ती मध्यम मारक मात्रा.

१९५८ सालीं केरळांत कीटकनाशक मिसळलेल्या अन्नानें शंभरावर माणसें दगावलीं. पुढें १९६८ चा कायदा आला आणि त्याच्या नियमांनीं तें माप बाटलीवरील त्रिकोणांत उतरविलें. पोटांत गेलेल्या विषाची मारक मात्रा, प्राण्याच्या दर किलो वजनास, ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढें हिरवा.

अकोल्याच्या जठारपेठेंतील गृहस्थास हा त्रिकोण क्वचितच दिसतो. कपाशीच्या शेतांत तो रोजचाच. २०१७ सालीं वऱ्हाडांतीलच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले, शेंकडों आजारी पडले. त्रिकोण एकाच विषाचें माप सांगतो. मजुराच्या अंगावर मात्र पुष्कळदां दोन-तीन औषधांचें मिश्रण उडतें, आणि तें दिवसामागून दिवस.

परीक्षेची दिशाहि बदलली. मूळ मारक-मात्रा परीक्षा २००२ सालीं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संचांतून वगळली गेली. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मानवी पेशींवर परीक्षा होऊं लागल्या. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषानें रक्तांतील कोलिनएस्टरेज हें द्रव्य मंदावतें. फवारणीच्या हंगामापूर्वीं व हंगामांत तें मोजलें, तर मजूर अंथरुणास खिळण्याआधींच धोका कळूं शकतो. उंदरापासून निघालेलें माप अखेर माणसाच्या रक्तापर्यंत आलें. तें शेताच्या बांधापर्यंत पोंचणें अगत्याचें आहे.