मेराज आणि काळाची सापेक्षता

मेराज : प्रेषित मुहंमद एका रात्रीत मक्केहून जेरुसलेमला आणि तेथून सात आसमानांपलीकडे जाऊन परतले, ही इस्लामी श्रद्धा. आइन्स्टाइनच्या १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचा, म्हणजे वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मंदावते या निष्कर्षाचा, आधार काही आधुनिक भाष्यकार तिला देतात. परंतु येथे दिशाच उलटी पडते, कारण सिद्धांतानुसार प्रवाशाचा काळ थोडा आणि मागे राहिलेल्यांचा अधिक सरतो, तर मेराजमध्ये एवढा प्रवास होऊनही मक्केत जेमतेम एक रात्र उलटते. इस्लामी धर्मचिंतक अल्-गझाली (मृत्यू ११११) यांच्या मते कार्यकारणसंबंध ही ईश्वराने चालविलेली रीत असून मुअजिजा, म्हणजे प्रेषिताच्या हातून घडणारा चमत्कार, हा त्या रीतीला ईश्वरानेच पाडलेला खंड होय; श्रद्धेला गणिताच्या आधाराची गरज न ठेवणारी ही भूमिका अधिक सुसंगत आहे.