मुद्रित सूक्ष्मबॅटरी

मुद्रित सूक्ष्मबॅटरी : त्रिमितीय मुद्रणाने थरावर थर चढवत घडवलेली, मिलिमीटरभर आकाराची, पुन्हा भारित करता येणारी बॅटरी. शरीरात बसवायची वैद्यकीय साधने, बिनतारी संवेदक आणि चिमुकले यंत्रमानव यांना ऊर्जा पुरवण्यासाठी तिची कल्पना पुढे आली.

इलेक्ट्रॉनिक मंडले झपाट्याने बारीक झाली, बॅटरी मात्र त्या वेगाने आकसली नाही. ऊर्जा किती साठणार हे आतल्या पदार्थाच्या राशीवर ठरते. थर पातळ ठेवले तर ऊर्जा तुटपुंजी. जाड केले तर भार वाहणाऱ्या लिथियम आयनांचा पल्ला लांबतो आणि शक्ती घटते.

या पेचातून वाट काढणारे गाजलेले काम हार्वर्ड विद्यापीठातील जेनिफर ल्युईस आणि इलिनॉय विद्यापीठातील शेन डिलन यांच्या गटाचे (२०१३). त्यांनी दोन फण्यांचे दात एकमेकांत गुंतवावेत तशी दोन्ही विद्युत अग्रे रचली. दात उंच केले की तेवढ्याच जागेत पदार्थ वाढतो, पण आयनांना जायचे असते ते शेजारच्या दातापर्यंतच.

खरे कसब शाईचे. ऋण बाजूला लिथियम टायटॅनेटचे, धन बाजूला लिथियम आयर्न फॉस्फेटचे नॅनोकण. सोबत पाणी, एथिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारे सेल्युलोजजन्य पदार्थ. ही शाई दाबाखाली ३० मायक्रोमीटर व्यासाच्या तोटीतून सुरळीत वाहायला हवी आणि बाहेर पडताक्षणी आकार धरून उभी राहायला हवी. थोडी सैल झाली तर भिंत खचते, थोडी दाट झाली तर तोटी तुंबते. काचेवरच्या सोन्याच्या पट्ट्यांवर छापलेली ही रचना निष्क्रिय वायूत ६०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा कण एकमेकांना धरतात. मग भोवती प्लास्टिकची इवली पेटी बसवून आत इलेक्ट्रोलाइट द्रव भरतात. लिथियम टायटॅनेटची निवड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे : भारण-विभारणात त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे नाजूक भिंतींवर ताण येत नाही.

या रचनेत दर चौरस सेंटिमीटरला २.७ मिलिवॉट शक्ती असताना ९.७ जूल ऊर्जा मिळाली. दीर्घकाळ वापरासाठी मात्र हवाबंद आवरण अत्यावश्यक आहे, आणि इतक्या लहान घटात आवरणाची जाडीच मोठी जागा खाते.

याच काळात सूक्ष्म ऊर्जासाठ्यासाठी बॅटरीऐवजी वेगळी वाट धरत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात माहेर एल-कडी व रिचर्ड केनर यांनी घरगुती डीव्हीडी बर्नरच्या लेझरने एका तबकडीवर शंभराहून अधिक ग्राफीन सूक्ष्म-सुपरकपॅसिटर अर्ध्या तासात उमटवले.