व्यवस्थापक स्त्रियांचे वेतन आणि गोपनीयतेचा प्रश्न : लेडबेटर खटल्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

‘समान कामासाठी समान वेतन’ या तत्त्वाची चर्चा बहुधा शेतमजूर, गिरणीकामगार किंवा बांधकामावरील स्त्रिया यांच्या संदर्भात होते. व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांचे वेतन मात्र त्यांच्या वैयक्तिक गुणवत्तेचे फळ मानले जाते. त्यामुळे त्या स्तरावरील स्त्री-पुरुष वेतनविषमतेकडे अभ्यासकांचे आणि कायद्याचेही लक्ष उशिरा गेले. ही विषमता टिकून राहण्यामागे उघड पक्षपाताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेतनाच्या गोपनीयतेचा वाटा असतो, हे अमेरिकेतील लिली लेडबेटर खटल्याच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १० जून १९६३ रोजी समान वेतन कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा १९३८ च्या श्रममानक कायद्यातील दुरुस्तीच्या रूपाने आला. मूळ कायद्यातून कार्यकारी, प्रशासकीय आणि व्यावसायिक पदांवरील कर्मचारी वगळलेले होते. साहजिकच समान वेतनाचे संरक्षणही त्यांना मिळाले नाही. ही उणीव १९७२ च्या शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्याने दूर झाली. म्हणजेच यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीला जे संरक्षण मिळाले, ते तिच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीला मिळण्यास आणखी नऊ वर्षे लागली. दरम्यान १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीतील लिंगाधारित भेदभाव बेकायदेशीर ठरविला होता. तथापि भेदभावाच्या कृतीपासून १८० दिवसांच्या आत (काही राज्यांत ३०० दिवसांच्या आत) तक्रार दाखल करण्याची अट त्यात होती. पुढील खटल्यात ही अटच निर्णायक ठरली.

लेडबेटर यांचा खटला

अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथील गुडइयर टायर कारखान्यात लेडबेटर १९७९ मध्ये पर्यवेक्षक म्हणून रुजू झाल्या आणि पुढे एरिया मॅनेजर झाल्या. प्रारंभी त्यांचे वेतन समान काम करणाऱ्या पुरुषांच्या बरोबरीचे होते. वार्षिक वेतनवाढ मात्र प्रामुख्याने वरिष्ठांच्या मूल्यमापनावर ठरत असे. १९९७ च्या अखेरीस त्या कारखान्यातील एकमेव स्त्री एरिया मॅनेजर होत्या. त्यांचे मासिक वेतन ३,७२७ डॉलर होते. पंधरा पुरुष सहकाऱ्यांपैकी सर्वांत कमी वेतन घेणाऱ्यास ४,२८६ डॉलर, तर सर्वाधिक वेतन घेणाऱ्यास ५,२३६ डॉलर मिळत होते. किमान तफावत दरमहा ५५९ डॉलरची, तर कमाल १,५०९ डॉलरची होती.

येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, ही तफावत कोणत्याही एका आदेशाने निर्माण झालेली नव्हती. एखाद्या वर्षी वाढ थोडी कमी मिळते; पुढील वर्षीची वाढ त्या कमी पायावर आकारली जाते आणि निवृत्तिवेतनही त्याच पायावर ठरते. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिल्यास क्षुल्लक वाटते. एकत्रित परिणाम मात्र आयुष्यभर पुरतो.

वेतनाविषयी सहकाऱ्यांशी बोलू नये, अशी समज आपल्याला नोकरीच्या प्रारंभीच देण्यात आली होती, असे लेडबेटर यांनी नमूद केले आहे. फरकाची कुणकुण त्यांना पूर्वीच लागली होती, हे त्यांच्या साक्षीवरून दिसते. तथापि कुणकुण म्हणजे पुरावा नव्हे. त्यांच्या कथनानुसार सहकाऱ्यांच्या वेतनाचे नेमके आकडे त्यांना नोकरीच्या अखेरच्या काळात एका निनावी चिठ्ठीतून कळले. १९९८ मध्ये त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली आणि त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

ज्यूरीने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन सुमारे ३५ लाख डॉलर मंजूर केले. कायदेशीर मर्यादेमुळे न्यायाधीशांनी ती रक्कम ३,६०,००० डॉलरवर आणली. अपील न्यायालयाने हा निकाल फिरविला. २९ मे २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दावा मुदतबाह्य ठरविला. वेतन ठरविण्याचा मूळ निर्णय हीच भेदभावाची कृती असून तेव्हापासून १८० दिवस मोजावेत, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले भिन्न मत न्यायासनावरून वाचून दाखविले. वेतनातील भेदभाव हळूहळू साचत जातो आणि तुलनेची माहिती कर्मचाऱ्यापासून दडलेली असते, ही वस्तुस्थिती त्यांनी मांडली व कायदेमंडळाने यात लक्ष घालावे, असे सुचविले. त्यानुसार झालेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २९ जानेवारी २००९ रोजी स्वाक्षरी केली. भेदभावयुक्त वेतनाच्या प्रत्येक अदायगीबरोबर मुदत नव्याने सुरू होईल, असे त्यात ठरले. कायद्याला लेडबेटर यांचे नाव मिळाले. भरपाई मात्र त्यांना मिळाली नाही. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतीय संदर्भ

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये समान वेतनाचे तत्त्व आहे आणि १९७६ चा समान वेतन कायदा त्यावरच आधारलेला होता. या कायद्याखालील मुंबईतील ऑड्री डिकॉस्टा विरुद्ध मॅकिनन मॅकेन्झी हे प्रकरण तुलनेसाठी उद्बोधक आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा युक्तिवाद अमान्य केला आणि आर्थिक असमर्थता ही सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. या यशामागील एक कारण असे की, कंपनी व कामगार संघटना यांच्यातील करारात दोन्ही वेतने लेखी स्वरूपात उपलब्ध होती. डिकॉस्टा यांच्या हाती करारपत्र होते. लेडबेटर यांच्या हाती निनावी चिठ्ठी. दोन्ही प्रकरणांतील खरा भेद येथे आहे. वेतन करारातून ठरते तेथे विषमता कागदावर दिसते. व्यवस्थापकीय पदांवर ते व्यक्तिगत मूल्यमापनातून ठरते आणि कागद बंद राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, हक्काची तरतूद आणि माहितीची उपलब्धता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय समान वेतनाचे तत्त्व वरिष्ठ पदांपर्यंत पोहोचत नाही. ब्रिटनने २०१७ मध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना वेतनतफावत जाहीर करणे बंधनकारक केले. भारतातही ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांच्या अहवालात संचालक, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी व इतर कर्मचारी यांचे मध्यक वेतन स्त्री-पुरुषनिहाय देणे आवश्यक केले. १९७६ चा कायदा वेतन संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट झाला आहे.

प्राध्यापकवर्गाच्या वेतनश्रेण्या शासननिर्णयात छापलेल्या असतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला काहीसा दूरचा वाटतो. परंतु आपल्याच विद्यार्थिनी उद्या ज्या कार्यालयांत अधिकारपदांवर जातील, तेथे अशी छापील श्रेणी असेलच असे नाही. हक्क मागण्याआधी आकडा विचारण्याचे धैर्य आणि तो आकडा सांगण्याचे बंधन, या दोहोंची त्यांना गरज भासेल. लेडबेटर यांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीचा हाच धडा आहे.