‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमातील चार्ल्स व्हॅन डोरेन : अध्यापकाची प्रतिष्ठा आणि पुराव्याचे मूल्य

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील शब्दखेळ व प्रश्नमंजूषा यांकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा करमणुकीचा विषय म्हणून पाहतात. तथापि एखाद्या समाजात ज्ञानाला कोणते स्थान होते आणि ज्ञानी माणसाच्या शब्दावर किती विश्वास ठेवला जाई, हे समजण्यासाठी असे कार्यक्रम महत्त्वाचे साधन ठरू शकतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचे तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन 1956-57 मध्ये एनबीसी वाहिनीवरील ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात स्पर्धक म्हणून सहभागी झाले. प्रस्तुत लेखात या सहभागाचा, त्यामागील बनावाचा आणि तो उघडकीस आणणाऱ्या पुराव्यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

बक्षिसांचे कार्यक्रम म्हणजे सोडत नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये दिला आणि मोठ्या रकमांच्या स्पर्धांचा मार्ग मोकळा झाला. जून 1955 मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘द 64,000 डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला व अल्पावधीत लोकप्रिय झाला. त्याच्या यशाने प्रेरित होऊन सप्टेंबर 1956 मध्ये ‘ट्वेंटी-वन’चे प्रसारण सुरू झाले. निर्माते जॅक बॅरी व डॅन एनराइट हे होते; बॅरी हेच सूत्रसंचालन करीत. ‘जेरिटॉल’ या शक्तिवर्धक औषधाची कंपनी प्रायोजक होती.

दोन स्पर्धक स्वतंत्र, ध्वनिरोधक काचघरांत उभे राहत. 1 ते 11 गुणांपर्यंत काठिण्यपातळी निवडून जो प्रथम 21 गुण मिळवी तो विजयी होई. बरोबरी झाल्यास प्रत्येक गुणाची किंमत वाढत जाई. पहिला भाग प्रामाणिकपणे खेळविला गेला, परंतु स्पर्धकांना बहुतेक उत्तरे आली नाहीत आणि कार्यक्रम कंटाळवाणा झाला. प्रायोजकाच्या नाराजीनंतर निर्मात्यांनी स्पर्धकांना प्रश्नोत्तरे आधीच पुरविण्याची पद्धत स्वीकारली.

दोन स्पर्धक

व्हॅन डोरेन यांच्या आधीचे विजेते हर्बर्ट स्टेम्पेल हे सैन्यात नोकरी करून आलेले, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकणारे गृहस्थ होते. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती. तथापि बेढब कोट व विशिष्ट प्रकारे कापलेले केस हे त्यांचे रूप निर्मात्यांनी ठरवून दिलेले होते. गरीब, हुशार परंतु फारसा आवडू न शकणारा विद्यार्थी अशी ती भूमिका होती. प्रेक्षकांची उत्सुकता ओसरू लागताच निर्मात्यांना नवा नायक हवा झाला.

व्हॅन डोरेन यांच्यामध्ये तो सापडला. वडील मार्क व्हॅन डोरेन हे पुलित्झर पारितोषिक विजेते कवी आणि कोलंबियातील ख्यातनाम प्राध्यापक, तर काका कार्ल व्हॅन डोरेन हे पुलित्झर विजेते चरित्रकार. व्हॅन डोरेन यांनी पुढे दिलेल्या साक्षीनुसार, निर्मितिसाहाय्यक आल्बर्ट फ्रीडमन यांनी त्यांना असे पटवून दिले की, या सहभागामुळे बौद्धिक जीवनाची, शिक्षकांची व शिक्षणाची मोठी सेवा घडेल. प्रलोभन केवळ पैशाचे असते तर ते ओळखणे सोपे होते. येथे ते शिक्षणसेवेच्या रूपात आले, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

28 नोव्हेंबर 1956 रोजी ते प्रथम पडद्यावर आले व सामना बरोबरीत राहिला. 5 डिसेंबर रोजी स्टेम्पेल यांना 1955 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले, असे विचारण्यात आले. ‘मार्टी’ हा त्यांचा आवडता चित्रपट होता व उत्तर त्यांना ठाऊक होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे चुकीचे उत्तर दिले. त्यानंतर व्हॅन डोरेन आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले. फेब्रुवारी 1957 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. 11 मार्च 1957 रोजी बेल्जियमच्या राजाचे नाव सांगता न आल्याने ते व्हिव्हियन निअरिंग यांच्याकडून पराभूत झाले. तोपर्यंत त्यांनी 1,29,000 डॉलर जिंकले होते आणि एनबीसीने त्यांना नोकरी देऊ केली होती. कपाळावरचा घाम पुसणे, ओठ चावणे, एखादे उत्तर मागे ठेवून शेवटी देणे, या सर्व क्रियांची तालीम झालेली होती. प्रेक्षकांनी ज्याला चिंतन समजले तो अभिनय होता.

पुराव्याचा प्रश्न

स्टेम्पेल यांनी 1957 मध्येच वृत्तपत्रांना सत्य सांगितले होते. परंतु दुजोरा देणारे कोणी नव्हते, अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती होती आणि पराभूत स्पर्धकाचा मत्सर म्हणून त्यांच्या बोलण्याची वासलात लावणे सोपे होते. ऑगस्ट 1958 मध्ये ‘डॉटो’ या कार्यक्रमातील लबाडी उघड झाल्यावर त्यांच्या आरोपांना प्रसिद्धी मिळाली. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीपुढे सुमारे 150 साक्षीदार आले. त्यांतील बहुसंख्य शपथेवर खोटे बोलले, असा सरकारी वकील फ्रँक होगन यांचा अंदाज होता. व्हॅन डोरेन यांनीही तेथे सत्य नाकारले.

या टप्प्यावर जेम्स स्नॉडग्रास या चित्रकार स्पर्धकाचा पुरावा मोलाचा ठरला. मे 1957 मध्ये प्रसारणापूर्वीच त्यांनी आपल्याला मिळालेली प्रश्नोत्तरे लिहून काढून नोंदणीकृत टपालाने स्वतःलाच पाठविली होती व पाकिटे न फोडता जपून ठेवली होती. 1959 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे ती उघडण्यात आली. टपालखात्याच्या शिक्क्यावरील तारीख कोणाच्याही प्रतिष्ठेवर अवलंबून नव्हती. 2 नोव्हेंबर 1959 रोजी व्हॅन डोरेन यांनी उपसमितीसमोर कबुली दिली. कोलंबिया विद्यापीठातील पद त्यांना सोडावे लागले व एनबीसीनेही त्यांना काढून टाकले.

परिणाम

स्पर्धेचा निकाल आधी ठरविणे हा त्या वेळी गुन्हाच नव्हता. म्हणून 1962 मध्ये व्हॅन डोरेन व इतर काही स्पर्धकांनी गुन्हा मान्य केला तो खोट्या साक्षीचा, आणि त्यांची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. निकाल ठरविणे बेकायदा करणारी दुरुस्ती 1960 मध्ये संमत झाली. मोठ्या रकमांचे कार्यक्रम पडद्यावरून नाहीसे झाले. 1961 मध्ये सुरू झालेल्या ‘पासवर्ड’ या शब्दखेळातील बक्षिसे काहीशे डॉलरच्याच घरातील होती.

व्हॅन डोरेन पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संपादनकार्यात रमले. 2008 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यांनी या प्रकरणाविषयी प्रदीर्घ लेख लिहिला. 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी स्टेम्पेलही निवर्तले.

निष्कर्ष

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी आहे. साधनाची विश्वासार्हता सांगणाऱ्याच्या कुलशीलावरून ठरत नाही. ते केव्हा व कोणत्या हेतूने निर्माण झाले यावरून ठरते. व्हॅन डोरेन यांचा 2008 चा लेख त्यांच्या मनोव्यापारासाठी उपयुक्त आहे. घटना सिद्ध करण्यासाठी मात्र 1957 चे बंद पाकीट अधिक वजनदार आहे. स्टेम्पेल यांच्या मनात राग होता हे खरे. परंतु राग असणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या व्यवसायाविषयी आहे. ‘ट्वेंटी-वन’ने उत्तरे विकत घेतली नाहीत, ती त्यांच्यापाशी होतीच. त्यांनी विकत घेतला तो अध्यापकाच्या शब्दावरील लोकांचा विश्वास. हा विश्वास एका व्यक्तीने कमावलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या वर्गात प्रामाणिकपणे ‘मला ठाऊक नाही’ म्हणू शकणाऱ्या शिक्षकांनी तो जमविला होता. नेमके हेच वाक्य उच्चारण्याची मुभा त्या काचघरात पटकथेने सांगितल्याखेरीज कोणालाही नव्हती.