कापूस, पाऊस आणि मटका : गिरणगावात हरणाऱ्याचा इतिहास कुठे आहे?

#थ्रेड

मुंबईच्या जुगारप्रतिबंधक कायद्यात ‘जुगाराचा अड्डा’ कशाला म्हणावे, हे सांगणारी एक व्याख्या आहे. कायद्याच्या व्याख्या वाचून सहसा कोणी रमत नाही. ही मात्र वाचण्यासारखी आहे. कापसाच्या भावावरची पैज, अफूच्या भावावरची पैज, त्या भावांतल्या आकड्यांवरची पैज, पाऊस पडेल की नाही यावरची पैज, किती पडेल यावरची पैज, इतकेच काय, रस्त्याने जाणाऱ्या मोटारीच्या नंबरावरची पैज, हे सारे तिथे नावानिशी नोंदलेले आहे.

कायदा १८८७ चा. त्या साली मुंबईच्या रस्त्यावर मोटार नव्हतीच. म्हणजे ही यादी एका बैठकीत झालेली नाही. शहराने पैजेचा नवा प्रकार काढावा आणि कायद्याने धापा टाकत मागून येऊन तो यादीत घालावा, असे वर्षानुवर्षे होत गेले. मुंबईच्या जुगाराचा इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा सापडणे अवघड.

या यादीत साधने आहेत, जागा आहेत, निमित्ते आहेत. हरणारा माणूस मात्र नाही. तो कुठे गेला, हा या थ्रेडचा विषय.

पावसापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बाजारपेठेत पावसावर सट्टा जोरात चाले. ठरावीक वेळेत किती पाऊस होईल, छपराची पन्हळ वाहील की नाही, यावर पैसे लागत. पोलिसांनी धाड घातली आणि प्रकरण १८८९ मध्ये उच्च न्यायालयात पोचले. तिथे आरोपींची बाजू सरस ठरली. पावसावरची पैज त्या वेळच्या कायद्याच्या अर्थाने ‘जुगार’ ठरत नव्हती, आणि पर्जन्यमापक हे काही फासे किंवा पत्ते यांच्यासारखे जुगाराचे साधन नव्हते. लगेच १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाऊस यादीत आला.

या सगळ्या वादात प्रश्न एकच होता : वस्तू कोणती आणि तिला जुगाराचे साधन म्हणता येईल का? पैसे कोणाचे बुडाले आणि त्याच्या घरात पुढे काय झाले, हे विचारायला ना पोलिसांना कारण होते, ना न्यायालयाला. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे चौकशीचा हाच साचा टिकला.

त्याच शहरात १८८३ पासून महालक्ष्मीचे रेसकोर्स होते. घोड्यांच्या शर्यतींना १९१२ च्या स्वतंत्र कायद्याने परवाना मिळाला. कुंपणाच्या आत परवान्याने लावलेला पैसा कायदेशीर होता. त्याच घोड्यावर बाहेरच्या गल्लीत बुकीकडे लावलेला पैसा गुन्हा होता. घोडा तोच, पैजही तीच, मध्ये फक्त प्रवेशाचे तिकीट. हे तिकीट परवडणारा वर्ग कोणता आणि न परवडणारा कोणता, हे लालबाग-परळच्या माणसाला समजावून सांगावे लागत नसे. गिरण्यांच्या चिमण्या रेसकोर्सवरून दिसत.

आता कापूस. काळबादेवी, धनजी स्ट्रीट, मुंबादेवी हा कापसाच्या व्यापाऱ्यांचा परिसर. गिरगावाला अगदी लागून. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये येत. व्यापारी त्यांवर वायदे करीत. ज्यांच्याकडे ना गाठी होत्या ना भांडवल, ते त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावीत. हा आकड्याचा जुगार.

यातला विरोधाभास क्रूर आहे. जो कामगार दिवसभर साच्यावर कापसाचे सूत करी, तोच संध्याकाळी सातासमुद्रापलीकडच्या कापसाच्या भावावर रुपया लावी. कापसाच्या व्यवहारात त्याला मिळू शकणारी ‘भागीदारी’ तेवढीच होती.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येण्याची ही प्रथा बंद पडली. जुगार तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, उलट मोकळा झाला. आता त्याला कापसाचीही गरज उरली नाही. मूळचे कच्छचे, वरळीत किराणा दुकान सांभाळणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला स्वतंत्र मटका काढला. सुरुवातीला आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात घालून काढीत, म्हणून नाव मटका. पुढे पत्ते आले, नाव राहिले.

खेळ समजून घेणे आवश्यक आहे, कारण नुकसान त्याच्या रचनेतच होते. शून्य ते नऊ यांतले तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. ५, ३, ६ आले तर बेरीज १४, म्हणून ‘ओपन’ ४. काही तासांनी पुन्हा तीन आकडे, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. एक अंक बरोबर आला तर साधारणतः रुपयाला नऊ, जोडी लागली तर नव्वद.

हिशेब सोपा आहे. एक अंक लागण्याची शक्यता दहात एक, मिळतात नऊ. जोडीची शक्यता शंभरात एक, मिळतात नव्वद. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातले सरासरी दहा पैसे चालवणाऱ्याकडे राहतात. दहा टक्के ही काही भयंकर लूट वाटत नाही, आणि मटक्याचे यश नेमके यातच आहे. शंभर रुपये घेऊन आलेला माणूस हाती आलेले सगळे पुन्हा लावत गेला, तर दहा फेऱ्यांनंतर सरासरीने त्याच्याकडे पस्तीसेक रुपये उरतात. त्याला कोणी फसवले नाही. पत्ते सरळ पिसले गेले, पैसे वेळेवर चुकते झाले, तरी हे होणारच होते.

किंबहुना मटक्याचा दबदबा सचोटीच्या लौकिकावर उभा होता. करार नाही, पावती म्हणून एक चिठोरी, आणि तरी लागलेला आकडा चुकता होणार हा भरवसा. त्या काळच्या कामगाराला किती ठिकाणी असा भरवसा मिळत होता? बुकी गिरणीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता, रुपयादेखील घेत होता आणि नाव-गाव विचारीत नव्हता.

ही रक्कम कोणत्या घरातून निघत होती, तेही पाहू. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात नोंदवले होते, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशाहून कमी नसतील इतकी कुटुंबे कर्जात आहेत, आणि बऱ्याच जणांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पगार देणे बंधनकारक केले. म्हणजे कायदा पाळूनही चाळीस दिवस उधारीवर काढायचे. पगाराच्या दिवशी हातात एकरकमी रोकड, आणि तिच्यावर वाणी, सावकार, भाडे, गावची मनीऑर्डर अशा सगळ्यांचा आधीच हक्क. अशा माणसाला नव्वदपट परताव्याचे स्वप्न मूर्खपणाचे वाटत नाही. बचतीने जे कर्ज कधीच फिटणार नाही, ते एका जोडीने फिटेल, हा त्याच्या परीने केलेला हिशेबच असतो.

आणि हरल्यावर तो भार कोणावर जाई? इथे खाणावळ येते. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष ज्या बायकांच्या घरी जेवत, त्या बायका महिनाभर उधारीवर वाढीत. स्वतः त्या वाण्याकडून उधारीवर धान्य आणीत, गरज पडल्यास व्याजाने पैसे काढीत. पगाराच्या दिवशी मेंबराचे पैसे आकड्यावर गेले, तर हरलेला तो आणि व्याज भरणारी ती. जुगाराचे नुकसान जुगाऱ्यापाशी थांबत नाही, हे आजच्या संशोधनाचे प्रमुख सूत्र आहे. गिरणगावातली खाणावळ हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरेल.

म्हणूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये दादरला उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाकडे जुगाराच्या इतिहासातूनही पाहिले पाहिजे, मग त्याचा उद्देश तो नसला तरी. खाणावळवालीला राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले, की एखाद्या मेंबराने बुडवलेला महिना तिला सावकाराच्या दारात नेत नाही. मटका तसाच राहिला. त्याची झळ मात्र एका ठिकाणी तरी कमी झाली. नुकसान-नियंत्रण म्हणतात ते याहून फार वेगळे नसते.

शासनाचा मार्ग दुहेरी होता. एकीकडे धाडी. १८८७ च्या कायद्याने अड्डा चालवणारा तर गुन्हेगारच, पण अड्ड्यावर सापडलेला माणूसही शिक्षेस पात्र. आकडे छापणाऱ्यालाही अटक. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चामरबागवाला खटल्यात (प्रकरण शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचे होते) निकाल दिला, की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. निकालात ऋग्वेदातल्या आणि महाभारतातल्या द्यूताचेही दाखले आले. नैतिक निषेध इतका प्राचीन असल्यावर वेगळ्या उपायाची निकड कोणाला वाटणार?

दुसरीकडे, १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून परावृत्त करणे हा तिच्यामागचा जाहीर हेतू होता. कल्पना टाकाऊ नव्हती. ब्रिटनने १९६० मध्ये असाच विचार करून बेटिंगच्या दुकानांना परवाने दिले : लोक खेळणारच असतील, तर उजेडात आणि नियमांखाली खेळू द्यावे. पण नियमांखाली आणलेल्या खेळाचे नुकसान मोजत राहावे लागते. ब्रिटनमध्येही हे उशिराच झाले. तिथल्या दुकानांतल्या एका यंत्रावर एका डावाची कमाल रक्कम २०१९ मध्ये शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आणावी लागली. आपल्याकडे लॉटरीचा महसूल मोजला गेला.

१९७६ चे वर्ष तर व्यंगचित्रासारखे आहे. आणीबाणीत रतन खत्री तुरुंगात होते. एकोणीस महिने राहिले. त्याच वर्षीच्या जुलैत महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

खत्रींवर बेतलेले पात्र ‘धर्मात्मा’ या चित्रपटातून १९७५ मध्येच पडद्यावर आले होते. मटक्याचा लोकप्रिय इतिहास तेव्हापासून असाच सांगितला जातो : राजांचा, वारसांचा, खुनांचा. तो रंजक आहे यात शंका नाही. पण त्यात आकडा काढणारेच असतात, लावणारे नसतात. अभिलेखागारातही चित्र तेच. आकडा लावणारा तिथे ‘आरोपी’ म्हणून एका ओळीत येतो. रुग्ण म्हणून, कर्जदार म्हणून, कोणाचा बाप म्हणून कधीच नाही. खाणावळवाली तर मुळीच नाही.

रुग्ण म्हणून येण्यासाठी आधी आजाराला नाव हवे. परळला केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे. पण जुगाराच्या अनावर ओढीला अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात प्रथम जागा मिळाली ती १९८० मध्ये. २०१३ मध्ये ती दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी आली. महाराष्ट्रात १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले आणि व्यसनी माणूस हा उपचाराचा विषय आहे हे मराठी समाजाच्या अंगवळणी पडू लागले. जुगाऱ्याच्या वाट्याला तो समजूतदारपणा फारच उशिरा आला. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी पुरुषांमधल्या जुगाराचा सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला तो २०१९ मध्ये. धाडींच्या पंचनाम्यांशिवाय जुगाऱ्याबद्दल आपल्या भागात अशी पद्धतशीर माहिती फारच थोडी आहे.

संशोधनातली एक गोष्ट मटक्याच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावी. पैसे लावणे आणि निकाल लागणे यांतले अंतर जितके कमी, तितका खेळ घातक. हरलेले लगेच भरून काढण्याच्या धडपडीला तो उसंत देत नाही. ओपन आणि क्लोज यांच्यात काही तास जात. त्या वेळात पाळी असे, झोप असे, घर असे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, पुढे पोलिसी कारवाईने मटक्याचे साम्राज्यही आटले. आणि आज त्याच लालबाग-परळच्या टॉवरांत आणि उरलेल्या चाळींत मोबाइलवरच्या खेळाचा निकाल काही सेकंदांत लागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना व्यसन, आर्थिक व मानसिक हानी यांचा आधार घेतला. शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. १८८७ चा कायदाही महाराष्ट्रात लागू आहेच. त्यामुळे फोनवर पैसे हरणारा आज कायद्याच्या लेखी गुन्हेगार नाही. करी रोडच्या एखाद्या गल्लीतल्या अड्ड्यावर चिठ्ठी घेऊन उभा असलेला अजून आहे.