मन शिकावें काय? : धाराशिवच्या इतिहासांतील एक प्रश्न

दहावीचा निकाल लागला कीं एखाद्या घरीं प्रश्न निघतो : मुलीनें अकरावीला मानसशास्त्र घ्यावें काय? "वेड्यांचें शास्त्र शिकून करणार काय?" असें आजोबा विचारतात; गणितांतून सुटका होईल म्हणून मुलगी मनांतल्या मनांत खूष असते. आमच्या मतें दोघेंहि चुकतात. पण धाराशिव जिल्ह्यांत या प्रश्नाला इतिहास आहे, तो आधीं पाहिला पाहिजे.

१८७९ सालीं वुंट यानें लायपझिग येथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. १९१६ सालीं कलकत्ता विद्यापीठांत या विषयाचें स्वतंत्र अध्यापन सुरू झालें. हा जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व तेथील माध्यम उर्दू ठरलें. इंग्रजी सोडून देशी भाषेंत उच्च शिक्षण देण्याचें तें धाडस मोठें होतें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास ती देशी भाषाहि परकीच. कोणता विषय घ्यावा ही विवंचना त्याच्या वांट्यास आलीच नाहीं. शिकविलेलें कळेल काय, हीच त्याची विवंचना होती. १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक झाले. त्या शाळेंत मानसशास्त्राचें पुस्तक असो वा नसो, मुलाचें मन त्याच्याच भाषेंतून उघडतें ही गोष्ट तिनें ओळखली होती.

१९४८ सालीं निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं औरंगाबादेस विद्यापीठ झालें. विषय निवडण्याची चैन त्यानंतरची.

नंतर ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट उजाडली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक निजले होते. चारच्या सुमारास सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. लातूर व या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. घरें पुन्हा बांधतां येतात. पण छपराखालीं निजण्याचें ज्याला भय वाटतें त्याला कोणता गवंडी बोलवावा? मनाचें दुखणें म्हणजे वेड नव्हे, हें आजोबांना सांगावयाचें तर या पहांटेचीच आठवण द्यावी. पुण्यांत १९६२ सालीं ज्ञान प्रबोधिनी स्थापणारे डॉ. वि. वि. पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक. त्या संस्थेनें भूकंपानंतर याच जिल्ह्यांत हराळी येथें शाळा उभारली.

आतां मुलीकडे वळूं. या शास्त्रांत संख्याशास्त्र आहे. प्रयोग मोजावे लागतात, सरासरी काढावी लागते. तेव्हां गणिताच्या भयानें येणाऱ्यास येथें आसरा नाहीं. दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्याची विद्या तर येथें मुळींच मिळत नाहीं. शिवाय मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर व्हावयाचें असेल तर आधीं वैद्यकाची पदवी हवी, आणि तिला जीवशास्त्रासह विज्ञानशाखा लागते; कला शाखेंतून ती वाट नाहीं. बारावीनंतर हें कळून पस्तावणें फार महाग पडतें. परंतु माणसें अशीं कां वागतात याचें जिला खरोखर कुतूहल आहे, तिला आम्हीं अडविणार नाहीं. मात्र वडिलांनीं प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं महाविद्यालयांत जाऊन एवढें विचारावें, कीं हा विषय शिकविणारा अध्यापक तेथें नेमलेला आहे काय, कीं नुसतें नांवच पत्रकांत छापलें आहे.